‘मी काही फारशी ज्यू नाही’ म्हणणाऱ्यांशी कसं बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात वाढलेली, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, एक मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मोठ्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या हिलेलने, म्हणजे ज्यू विद्यार्थ्यांच्या संस्थेने, तिला इंटर्न म्हणून घेतलंय. काम असं की हिलेलच्या दारात कधीच न येणाऱ्या ज्यू मुलामुलींना वर्षभरात भेटायचं, त्यांच्याशी ओळख वाढवायची. तिला आकडा दिलाय साठचा. ती विचारते: “ताई, मला हे विमा विकल्यासारखं वाटतं. शिवाय मी भारतीय दिसते, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मी ज्यू कशी हे समजावण्यातच जातात. आणि ज्यांना यात रस नाही, त्यांना मी का त्रास देऊ? शुक्रवारी जेवायला बोलावलं आणि कोणी आलंच नाही तर?”

मी स्वतः ठाण्याचीच. चौदा वर्षं अशा इंटर्न मुलांना तयार करण्याचं काम करतेय. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुला हे पद का मिळालं ते समजून घे. हिलेलची सुरुवात 1923 साली इलिनॉय विद्यापीठात झाली. तिथे ज्यू विद्यार्थी होते, पण आपल्याच परंपरेबद्दल त्यांना फारसं काही माहीत नव्हतं. ही गोष्ट आधी खटकली ती एका ख्रिस्ती प्राध्यापकाला, एडवर्ड चॉन्सी बाल्डविन यांना. ते बायबलचं साहित्य शिकवत. त्यांनी आग्रह धरला आणि बेंजामिन फ्रँकेल नावाच्या तरुण रब्बायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, काम हाती घेतलं. पुढच्याच वर्षी बनाई ब्रिथ या ज्यू संघटनेने ते आपल्या पंखाखाली घेतलं. आज 800 हून अधिक कॉलेजांत हिलेल आहे. बरेच ठिकाणी छान इमारत असते, स्वयंपाकघर असतं, शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचं, जेवण असतं. पण इमारत कितीही चांगली असली तरी तिच्यात येणारे चेहरे तेच ते राहतात, हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला. 2000 नंतरच्या दशकात हिलेलने विद्यार्थ्यांनाच मानधन देऊन हे काम सोपवायला सुरुवात केली. त्यात एक शहाणपणाची गोष्ट केली: इंटर्न निवडताना मुद्दाम असे विद्यार्थी घेतले, जे स्वतः हिलेलमध्ये फारसे फिरकत नव्हते. आत रुळलेल्या मुलांचे मित्र आतलेच असतात. बाहेरच्यांशी दोस्ती बाहेरच्याचीच असते. साठचा आकडाही तेव्हापासूनचा.

तेव्हा तू मुलाखतीत “मला इथे परकं वाटतं” म्हणालीस आणि तरीही निवड झाली, याचं आश्चर्य मानू नकोस. बहुधा त्यामुळेच झाली.

आता विमा विकल्यासारखं वाटण्याबद्दल. हे वाटणं चांगलं आहे, ते घालवू नकोस. त्यावर उपाय एकच मला सापडलाय: पहिल्या पाच मिनिटांत खरं सांगून टाकायचं. “मी हिलेलची इंटर्न आहे. मला याचं मानधन मिळतं, आजची कॉफीही त्यांच्याकडून. तू कुठे यावंस म्हणून आलेले नाही, तुझ्याशी ओळख करायला आलेय.” एवढंच. बहुतेक मुलं हसतात, काही जण जरा सावध होतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. हे लपवलंस आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर तोवर झालेली सगळी दोस्ती मागाहून विकत घेतल्यासारखी वाटते. ती पुन्हा जुळत नाही.

माझ्या हातून याहून वाईट झालंय, तेही सांगते. पहिल्या वर्षी मी इंटर्न मुलांकडून एक मोठी एक्सेल शीट भरून घेत होते. नाव, खोली, आईवडील दोघं ज्यू की एक, बार मित्झ्वा (वयात आल्याचा विधी) झाला का, इस्राएलला गेली का, आणि शेवटच्या रकान्यात ‘पातळी’: एक, दोन, तीन. एका इंटर्नचा लॅपटॉप लायब्ररीत उघडा राहिला आणि त्याच्यासमोर बसलेल्या मुलीने स्वतःचं नाव वाचलं. पुढे लिहिलं होतं: ‘वडील ज्यू. पातळी एक.’ ती काही बोलली नाही. उठली, वह्या गोळा केल्या आणि गेली. मी तिला पत्र लिहून माफी मागितली, तिने दोन ओळींचं सभ्य उत्तर दिलं, आणि उरलेली तीन वर्षं ती आमच्या रस्त्यानेसुद्धा गेली नाही. तिच्या आजोबांनी तिला लहानपणी काय काय शिकवलं होतं, हे तिने आदल्याच आठवड्यात त्या इंटर्नला तासभर सांगितलं होतं. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं म्हणून लिहिलं गेलं नाही.

त्या दिवसापासून नियम असा आहे: भेटताना कागद-पेन-फोन काही नाही. घरी गेल्यावर आठवण राहावी म्हणून तीन ओळी लिहायच्या, आणि त्या अशाच लिहायच्या की समोरच्याने खांद्यावरून वाचल्या तरी त्याला बरं वाटावं. तुझ्या वरिष्ठांना आकडा हवा असेल तर किती जणांना भेटले तो द्यावा. माणसाची श्रेणी देऊ नये. ते मागत असतील तर नम्रपणे नाही म्हण. माझं नाव सांग.

साठाचं गणित साधं आहे. दोन सेमिस्टर धर, जवळपास तीस आठवडे. म्हणजे आठवड्याला दोन नवी माणसं. खरा वेळ नव्या भेटींत जात नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटींत जातो. साठ पहिल्या भेटी आणि एकही दुसरी नाही, असं वर्ष मी बघितलंय. त्यातून काहीच उरलं नाही. त्याउलट एका मुलाने पस्तीस जणच गाठले, पण त्यातल्या वीस जणांना तो वर्षाच्या शेवटी परीक्षेच्या आदल्या रात्री फोन करू शकत होता. मला विचारशील तर त्याचं वर्ष चांगलं गेलं.

भेटायचं कोणाला? आडनावावरून, नाकावरून अंदाज बांधायचा नाही, हे पहिलं. तुला तर हे सांगायला नको. तुझं आडनाव ‘कर’ने संपतं, ते ऐकून अमेरिकेत कोणी म्हणणार नाही की ही मुलगी ज्यू. आपली आडनावं कोकणातल्या गावांवरून आलेली, दिवेकर, पेणकर, नवगावकर, तशीच अमेरिकेतल्या ज्यूंचीही नाना तऱ्हांची असतात. आई ज्यू आणि वडील आयरिश असले की आडनाव आयरिश. तू फक्त स्वतःबद्दल मोकळेपणी बोल. वसतिगृहात, प्रयोगशाळेत, पोहायच्या तलावावर. “शुक्रवारी मी मेणबत्त्या लावते” एवढं सहज म्हटलंस की चार दिवसांनी कोणीतरी हळूच येऊन म्हणतं, “माझी आजीपण लावायची.” तो तुझा माणूस. आणि भेट संपताना विचार, “आणखी कोणाला भेटू?” एक नाव मिळतंच.

आणि मग ते वाक्य येतं. इतक्या वर्षांत शेकडो वेळा ऐकलं असेल. कॉफीचा पहिला घोट होतो आणि समोरचा म्हणतो, “तसा मी काही फारसा ज्यू नाही.”

इथे घाई करू नकोस. “नाही रे, तू आहेसच की!” असं चटकन म्हणायचा मोह होतो. तसं म्हटलं की दार बंद होतं, कारण तू त्याला प्रमाणपत्र दिलंस आणि त्याने ते मागितलं नव्हतं. मी विचारते, “असं का वाटतं तुला?” आणि गप्प बसते. त्या शांततेत जे निघतं ते दर वेळी वेगळं असतं. हिब्रू वाचता येत नाही. डुकराचं मांस खातो. आई धर्म बदलून आलेली. वडील ज्यू पण आई नाही, आणि कोणीतरी शिबिरात म्हणालं होतं की मग तू मोजला जात नाहीस. धर्मशास्त्र वंश आईकडून धरतं. अमेरिकेतल्या उदारमतवादी रिफॉर्म पंथाने 1983 साली ठराव करून वडिलांकडचाही मानला, पण मूल ज्यू म्हणून वाढवलेलं असावं अशी अट घातली. ऑर्थोडॉक्स आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथ ते मानत नाहीत. हे तुला माहीत असू दे, पण निवाडा करायला तू बसलेली नाहीस. त्याला खरंच शास्त्रार्थ हवा असेल तर रब्बायची भेट घालून दे. तुझं काम त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेण्याचं.

प्यू रिसर्च या पाहणी संस्थेने 2020 साली अमेरिकेतल्या ज्यूंची पाहणी केली. त्यात 18 ते 29 वयाच्या ज्यूंपैकी 40 टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही ज्यू आहोत, पण धर्म म्हणाल तर कुठलाच नाही. लोक हा आकडा छाती पिटत वाचून दाखवतात. मी त्यातलं पहिलं अर्धं वाक्य वाचते. धर्म नाही म्हणणाऱ्याने ‘ज्यू आहे’ असंही नोंदवलंय. त्या अर्ध्या वाक्यात काय आहे, हे त्यालाच विचारायला तुला पाठवलंय. कधी त्यात सूप असतं, कधी पणजोबांच्या गावाचं नाव, कधी नुसती एक भीती. रिकामं कोणी नसतं.

आणि इथेच तू बेने इस्राएल असणं फार उपयोगी आहे, अडचण नाहीच. ‘तुम्ही फारसे ज्यू नाही’ हे आपल्या लोकांनी अख्ख्या समाजाने ऐकलेलं आहे. 1948 नंतर आपली माणसं इस्राएलला गेली, डिमोना, अश्दोद, लोदला राहिली. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बायने आदेश काढला की बेने इस्राएलांचं बाकीच्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या आजी-पणजीपर्यंतची चौकशी करावी. आपले लोक जेरुसलेमला जाऊन ठाण मांडून बसले, उपोषणं केली, आणि 1964 मध्ये क्नेसेटला, म्हणजे इस्राएलच्या संसदेला, म्हणावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. ज्या मुलाला शिबिरात कोणी म्हणालं की तू मोजला जात नाहीस, त्याला ही गोष्ट तू सांगितलीस तर ती उपदेश वाटणार नाही. तुझ्या घरची आहे ती.

मात्र सुरुवात तिने करू नकोस. “तू ज्यू कशी?” याचं उत्तर दोन वाक्यांत बसव: “आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर आले असं आमच्यात मानतात. ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.” मग लगेच, “तुझे कुठले?” समोरच्याची गोष्ट ऐकायला आलीस, तर दहा मिनिटं स्वतःचं प्रदर्शन मांडून बसायचं नाही. कोणी खोदून खोदून विचारलं, पुरावा मागितला, तर थांबव. तुलाही मान आहे.

‘ज्यांना रस नाही त्यांना का त्रास देऊ?’ हा तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला. रस नाही आणि कोणी कधी विचारलंच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या भेटीआधी बाहेरून सारख्याच दिसतात. म्हणून एकदा विचारायचं. नाही आलं तर नाही. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ओळख मात्र ठेवायची: वर्गात भेटला तर हसायचं, वाढदिवस माहीत असेल तर शुभेच्छा द्यायच्या. त्यामागे काही हेतू ठेवायचा नाही.

कोणी इस्राएलचा विषय काढेल. 2023 च्या ऑक्टोबरमधला हमासचा हल्ला, गाझातलं युद्ध आणि 2024 च्या वसंतात कॉलेजांत झालेली तंबूंची आंदोलनं, यांनंतर तो निघतोच. काही जण हिलेलकडे येत नाहीत ते त्यांना संस्था फार इस्राएलवादी वाटते म्हणून. काही जण उलट, गळ्यातला तारा, म्हणजे ज्यू असल्याची खूण, शर्टाच्या आत घालून फिरतात. दोघांशी कॉफी प्यायची आहे. तू कुठल्या बाजूची हे विचारलं तर खरं सांग, पण वाद जिंकायला बसू नकोस. संस्थेच्या कार्यक्रमांना त्याबाबत काही नियम आहेत, ते तुझ्या वरिष्ठांकडून आधीच समजून घे, म्हणजे खोटं आश्वासन जाणार नाही. आणि बोलता बोलता कोणी खूप खोल दुःख सांगितलं, जीव नकोसा झालाय असं म्हणालं, तर ते तू एकटीने सांभाळायचं नाही. त्याच दिवशी वरिष्ठांना सांग आणि शक्य असेल तर त्याच्यासोबत विद्यापीठाच्या समुपदेशकाच्या दारापर्यंत चालत जा.

आता पुढचं पाऊल. पहिल्या भेटीनंतर आठवड्याच्या आत एक निरोप पाठव, पण तो कार्यक्रमाचा नको. त्याने सांगितलेल्या गोष्टीचा हवा. “तुझ्या बहिणीचं ऑपरेशन कसं झालं?” असा. दुसऱ्या भेटीत ऐक. तिसऱ्या भेटीत काहीतरी माग. हा सगळ्यात मोठा धडा आहे आणि मला तो उशिरा कळला. माणसाला बोलावलं की तो पाहुणा होतो, त्याच्याकडे मदत मागितली की तो घरचा होतो.

एक प्रसंग सांगते. इंजिनिअरिंगचा मुलगा, तीन वेळा म्हणाला मला धर्मात रस नाही. बोलता बोलता निघालं की आजी गेल्यापासून त्याने तिचं मात्झा बॉल सूप, म्हणजे पिठाच्या गोळ्यांचं सूप, खाल्लेलं नाही. आमच्या इंटर्नने म्हटलं, “मला येत नाही, शिकवतोस?” त्याने आईला फोन करून कृती घेतली. वसतिगृहाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात दोघं उभे. पहिल्या खेपेला गोळे पाण्यात फुटून लापशी झाली. मुलाने परत फोन लावला. आई पलीकडून म्हणाली, “पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलंस का?” नव्हतं ठेवलं. दुसरी खेप लागली. तेवढ्या अर्ध्या तासात वास आला म्हणून वरच्या मजल्यावरचे तिघे खाली आले, त्यातली एक म्हणाली, “माझी आजी बडीशेप घालायची.” तो म्हणाला, “घालत नाहीत.” दोघं भांडायला लागले. आमचा इंटर्न बाजूला उभा राहून बघत होता. नंतर मला म्हणाला, “मी काहीच केलं नाही.” मी म्हटलं, अगदी बरोबर केलंस. पुढच्या महिन्यात त्या दोघांनी मिळून अकरा जणांना जेवायला बोलावलं, आणि आमच्या इंटर्नलाही.

एका आजीची बडीशेप दुसऱ्याच्या सुपाला भेटवणं, एवढंच तुला करायचंय. कोणाला कोण भेटावं हे तुलाच कळेल, कारण दोघांचं ऐकून घेतलेली तू एकटीच असशील.

इमारतीची काळजी करू नकोस. आपल्या लोकांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, बांधलं 1796 साली. त्याआधी कित्येक शतकं कोकणात ना सिनेगॉग होतं, ना तोरा हा धर्मग्रंथ, ना रब्बाय. शेमा या प्रार्थनेच्या ओळी होत्या, शनिवारी बंद ठेवलेला घाणा होता, आणि घरोघरचे सण होते. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, ‘नव्याचा सण’ म्हणायचे. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचे म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. हिब्रू विसरली, बिरडं नाही विसरलं. तुझ्या त्या साठांपैकी पुष्कळ जण याच अवस्थेत आहेत. त्यांच्या घरचं बिरडं काय, ते विचार.

तुझ्या शुक्रवारच्या जेवणाबद्दल. सहा जण बोलव, जास्त नको. सहा जणांत एकच गप्पा होतात, बारा जणांत चार तुकडे पडतात. वसतिगृहात ज्योत पेटवायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, तेव्हा बॅटरीचे छोटे दिवे चालतील. अपार्टमेंटमध्ये असशील तर खऱ्या मेणबत्त्या, सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी. वेणीसारखा विणलेला खल्ला पाव विकत आण. किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, वाइन नको, तुम्ही सगळे 21 च्या आतले; द्राक्षाचा रस सगळे आणतात, पण तू आपलं मनुकांचं सरबत कर. काळ्या मनुका सकाळी भिजत घाल, संध्याकाळी हाताने कुस्करून गाळून घे. मिक्सरमध्ये फिरवू नकोस, बिया कडू उतरतात. ते काय आहे हे कोणीतरी विचारेलच. आशीर्वाद कागदावर रोमन लिपीत लिहून ठेव, म्हणजे हिब्रू न येणाऱ्याला मान खाली घालून बसावं लागणार नाही. मलिदा इतक्यात नको. फेब्रुवारीच्या आसपास तू बिश्वात, म्हणजे झाडांचं नववर्ष, येईल, तोवर ओळख पिकलेली असेल. तेव्हा पोहे, खोबरं, वेलची, पाच फळं घेऊन एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचं ताट कर, आणि फळं चिरायला त्यांनाच बसव.

कोणी आलंच नाही तर? सहांपैकी तीन येतील, हे धरूनच चाल. तीन आले तर तिघांनी पोटभर जेवा, न आलेल्यांचा विषय काढू नका. एकही नाही आलं, तेही होतं कधी, तर दिवे लाव, किद्दूश म्हण, जेव. मला त्या रात्री फोन केलास तरी चालेल, शब्बाथचा फोन मी एरवी उचलत नाही, तुझा उचलेन. शनिवारी संध्याकाळी उरलेला खल्ला सहा तुकड्यांत काप, प्रत्येकाबरोबर छोट्या बाटलीत सरबत भर आणि सहाही जणांच्या दारात ठेवून ये. चिठ्ठीवर “काल का नाही आलास” असं चुकूनही लिहू नकोस. “तुझ्या वाटणीचं” एवढंच लिही.